चांगुणाची साक्ष

चांगुणाबद्दल आता गाव लई चांगलं बोलतं. मला मात्र ती पहिली बारा-तेरा वर्षं आवडली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की शांतम्मा साखर पेरून बोलली.

ती माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, ज्ञानोबाची बायको. नाव ज्ञानोबा आणि देव येशू, याचं आमच्या वस्तीत कुणाला नवल नाही. आजोबांनी धर्म बदलला, नावं बदलायची त्यांना फुरसत झाली नाही. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी यांच्याकडंच. जळकोटच्या अलीकडं चार कोसांवर आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध पत्र्याचं चर्च.

चांगुणा काटकुळी. आवाज असा की चुलीपुढं बोलली तर उंबऱ्यापर्यंत पोचायचा नाही. उदगीरला मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली. तिची एक खोड होती. कुणी म्हणलं, "चांगुणा, भाकरी झकास झाली," तर ही म्हणायची, "मी काय केलं? प्रभूनं करून घेतलं." भाकरी करपली तर मात्र दोष स्वतःकडं. माझं डोकं उठायचं. मी म्हणायची, "बाई, पीठ मी मळलंय, निदान माझं तरी नाव घे." पण चर्चच्या पाळकसाहेबांना तेच आवडायचं. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायची वेळ, की ते आधी चांगुणाकडं बघायचे.

बाहत्तरचा दुष्काळ आला तेव्हा तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही तिघंही खडी फोडायला जायचो आणि दुपारी सुकडी खायचो. खायचं कसंतरी निभायचं, पण प्यायचं निभंना. गावच्या आडाला आम्ही हात लावायचा नाही, हा जुना रिवाज. कुणीतरी वरून ओतायचं, आम्ही खाली घागर धरायची. आडच आटला तर ओतणार कोण आणि काय? मग मिशननं बोअर पाडायचं मशीन आणलं. चार दिवस धडधड चाललं, आणि आमच्या चर्चच्या मागं पाणी लागलं. त्यावर लोखंडी हातपंप बसला. आठ दिवसांत अख्खं गाव घागरी घेऊन आमच्या वस्तीत. साहेबराव सरपंचांच्या घरच्या बायकासुद्धा. त्यातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या दांडा धरायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडायच्या, शुद्ध करायला. शिंपडायचं पाणीही आमच्याच पंपाचं. मी हसून हसून मेले.

पण चार महिन्यांत पंप बंद पडला. दुरुस्तीला उदगीरहून शरणप्पा मिस्त्री यायचे. गळ्यात लिंग, खांद्याला पान्यांची पिशवी, कामाला वाघ. पण तालुकाभर पंप आणि हे एकटे. ते आले बावीस दिवसांनी. तोवर आम्ही नदीच्या वाळूत झरे खांदून वाटीवाटीनं पाणी भरलं. मिस्त्री पंप खोलायला लागले तशी चांगुणा जवळ जाऊन उकिडवी बसली. हलेना.

"काय बघायलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"पुन्हा बिघडला तर तुमी पुन्हा बावीस दिवसांनी येणार. म्हणून बघायले," ती म्हणली.

मिस्त्री आधी हसले, मग तिच्या हातात पाना दिला. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं की आतला चामड्याचा वॉशर झिजलाय, आणि पाईप वर काढल्यावर तसंच निघालं. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींना बोलवावंच लागलं नाही. मग शेजारच्या तांड्याचा पंप, मग घोणसी, मग वांजरवाडा. कुणी सायकलवर न्यायला यायचं, कुणी बैलगाडी पाठवायचं. ही कासोटा मारून, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, गावभरच्या बाप्यांना हुकूम सोडायची, "दोर सैल सोडू नका. पाईपला क्लँप लावल्याबिगर कुणी हात काढायचा न्हाई, न्हाईतर पाईप आत जाईल." घरात आवाज उंबऱ्याच्या बाहेर जात नसे, पंपावर मात्र वेशीपर्यंत जायचा.

मला ते पटत नव्हतं. बाईमाणसानं घोळक्यात उभं राहून पाईप ओढायचे, मग लोक काय म्हणतील? मी दहा वर्षं तिला टाकून बोलले. ती राखेनं हात घासत राहायची. ज्ञानोबा तर तिच्यापेक्षा गरीब. तो म्हणायचा, "आक्का, लोक पाणी पिताना काई म्हणत न्हाईत." तेवढं एक वाक्य बोलून तो बाहेर निघून जायचा. मी आणखी चिडायची.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद; एका कागदासाठी जाऊन यायला दोन दिवस मोडायचे. आता सकाळी निघालं की दुपारी लातूर. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टंचाई सुरू झाली, आणि ग्रामपंचायतीच्या फळीवर कागद लागला. नव्या जिल्ह्याला हातपंप मेकॅनिक पाहिजेत. सातवी पास, कामाचा अनुभव, आधी मुलाखत, मग प्रत्यक्ष काम. चांगुणानं तो कागद तीनदा वाचला. मी तिथंच होते. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

त्या आठवड्यात तिनं दोनदा दाळ खारट केली. शेवटी मीच म्हणले, "पाहिजे का तुला ती नोकरी?"

"लई पाहिजे, आक्का," ती म्हणली आणि घाबरली. चोरी सापडल्यासारखं तोंड झालं तिचं. "पगारासाठी न्हाई. धा वर्षं मी काम करायले, पण मिस्त्री कोण म्हणतंय मला? ज्ञानोबाची बायको येऊन गेली, म्हणतात. सरकारी कागदावर माझं नाव यावं असं वाटायलंय. हे पाप असंल का?"

मला काय ठाऊक? मी तिला पाळकसाहेबांकडं धाडलं. ते म्हातारे, सावकाश बोलणारे. ते म्हणले, "हाव वेगळी आणि उमेद वेगळी, बाई. दुसऱ्याचं ओढून घ्यायचं ती हाव. आपल्यात जे हाय ते उपयोगी यावं म्हणायचं ती उमेद. अर्ज कर." तिनं अर्ज केला. मग तीन आठवडे रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना. मी अंथरुणात पडून ऐकायची. मला वाटायचं, मागायचं तर मोठ्यानं माग, असं कुजबुजून काय होणार? पण देवाचे कान माझ्यापेक्षा तिखट असतील.

मुलाखतीला मी सोबत गेले. लातूरला पाण्याच्या कचेरीत नुसती गर्दी. भिंतींना ओला चुना, खुर्च्यांना अजून कागद गुंडाळलेले. पंचवीस-तीस जवान पोरं आणि त्यांच्यात ही एक बाई. तिच्या आधी एक पोरगा आत गेला आणि बाहेर येऊन दोस्ताला सांगतोय, "दोनशे पंप केले म्हणून ठोकून दिलं." पंपाचं तोंड कुठं असतं ते तरी त्याला माहीत होतं का, देव जाणे. मग चांगुणाचं नाव पुकारलं. दार उघडं होतं, मी चौकटीला टेकून उभी.

आतल्या साहेबांनी विचारलं, "किती पंप दुरुस्त केले?"

"साहेब, मी काय केलं? प्रभूनं करून घेतलं."

मी दारातूनच डोळे वटारले.

"ते असू द्या. तुम्ही स्वतः किती केले?"

"माझ्यात काय हाय, साहेब. सगळं त्यानंच केलं. मी निमित्त."

तिच्यामागं रांगेत अजून पंधरा जण उभे होते. साहेबांनी घड्याळ बघितलं. "म्हणजे स्वतः काम केलेलं नाही?" चांगुणा खाली मान घालून उभी. चर्चमध्ये हेच बोललं की सगळे आमेन म्हणायचे. इथं कुणी काही म्हणंना, तर पुढं काय बोलायचं तेच तिला कळंना. कारकुनानं लिहिलं, स्वतःचा अनुभव नाही. संध्याकाळच्या आत यादी लागली. पुढच्या गुरुवारी प्रत्यक्ष कामाला बोलावलेल्यांत दोनशे पंपवाला पहिला, आणि चांगुणाचं नाव कुठंच नाही. मी यादी खालून वर पुन्हा वाचून काढली.

उदगीरच्या स्टँडवर जळकोटच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो. ती डोळे पुसून म्हणली, "त्याची इच्छा नसंल, आक्का."

मग मात्र माझा तोल गेला. स्टँडवरचे लोक बघायला लागले तरी मी थांबले नाही. "त्याची इच्छा?" मी म्हणले. "त्यानं तुझं तोंड धरलं होतं का? साहेबानं सरळ विचारलं, तू खोटं सांगितलंस. तांड्याचा पंप कुणी काढला? घोणसीला तापात उठून कोण गेलं? तू. मग मी केलं न्हाई म्हणणं ही खोटी साक्ष न्हाई तर काय? नम्रपणा म्हणतीस त्याला? अगं, आपल्या आज्या-पणज्या आडाच्या खाली घागर धरून वाकून उभ्या राहिल्या. ते वाकणं आपल्या हाडात हाय. आपण त्यालाच नम्रपणा नाव दिलं आन् देवाच्या गळ्यात बांधलं. देवाला सरळ उभी राहणारी माणसं आवडत न्हाईत का?"

एवढं बोलले आणि माझं मलाच रडू आलं. दहा वर्षं तिच्या कामाला नावं ठेवणारी मीच, आणि आता त्याच कामासाठी भांडत होते. तेही मी तिला तिथंच सांगितलं. म्हणले, "मी बी खोटंच वागले. मला तुझा अभिमान वाटायचा, पण मी बोलले न्हाई." गाडी आली, आम्ही चढलो.

बुधवारी दुपारी चांगुणा पिशवी भरताना दिसली. पाने, क्लँप, हातोडा, आणि अंबाडीचा लांब दोर. तो दोर तिनं स्वतः वळलेला. तिच्या बापाचं घर दोर वळणाऱ्यांचं. मी विचारलं, "कुठं?"

"लातूरला. साहेबापुढं खोटं बोलले, ते निस्तरून येते. मग ठेवू दे न्हाईतर हाकलू दे."

मीही सोबत निघाले. गुरुवारी कचेरीच्या मागच्या मैदानात मांडव टाकलेला, त्यापुढं उघड्यावर बंद पडलेला पंप, मांडवात तेच साहेब आणि भोवती गर्दी. चांगुणा पिशवीसकट थेट साहेबांपुढं गेली. मी तिच्या मागं.

"साहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. ते नीट करायला आलेय."

साहेब चमकले. खोटं बोललो म्हणून कबूल करायला आलेलं माणूस त्यांनी त्या कचेरीत पहिल्यांदाच बघितलं असणार. म्हणले, "बोला."

मग ती बोलायला लागली, पंपावरच्या आवाजात. "आमच्या गावचा पंप मी केला, धा वर्षांत सोळा वेळा. तांड्याचा, साखळी तुटली तवा, आन् दोन खेपा वॉशरसाठी. घोणसीला पाईपाला भोक पडलं होतं, मधला पाईप बदलला. वांजरवाड्याला दांड्याचं बेअरिंग. माळहिप्परग्याला पंप गाळानं भरला होता, सगळे पाईप काढून धुतले." चौदा गावं सांगितली तिनं, एकही विसरली नाही.

साहेबांनी कारकुनाला रजिस्टर आणायला सांगितलं. उस्मानाबादहून आलेलं तक्रारींचं दप्तर होतं ते. ते गावागावावर बोट ठेवत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "या चौदा गावांची दहा वर्षांत एकही तक्रार नाही," ते म्हणले. "आम्हाला वाटलं, तिथं पंपच नसतील."

पण यादी लागून गेली होती. साहेब म्हणले, "बाई, आधी यादीतल्यांचं काम होऊ द्या. मग बघू." आम्ही मांडवाच्या कडेला बसलो. आणि तो दोनशे पंपवाला पुढं आला. घाईघाईनं वरचं डोकं काढलं, पाईप ओढायला लागला. शेवटचे दोन पाईप राहिले आणि त्यानं क्लँप न आवळताच हात सोडला. सर्र करून दोन्ही पाईप आतल्या सळ्यांसकट बोअरमध्ये गेले. वरून नुसतं काळं भोक. परीक्षा खल्लास. पोरं गळ टाकून बघत होती, विहिरीतली बादली काढतात तसला. तो बोअरच्या तोंडातच मावंना. साहेब घाम पुसत होते. दीड तास गेला.

चांगुणा उठली. कुणाला विचारलं नाही. त्या पोरांपैकी एकाच्या खिशात कंगवा आणि वाटोळा आरसा होता, तो मागून घेतला. बोअरच्या तोंडाशी बसून तिनं आरशावर ऊन धरलं आणि ते ऊन सरळ आत सोडलं. मी पुढं होऊन डोकावले, तर खोल तळाशी पाईपाचं तोंड दिसत होतं, भिंतीला टेकलेलं. "डाव्या अंगाला हाय," ती म्हणली. मग एक लोखंडी सळई घेतली, दगडावर ठेवून हातोड्यानं तिचं टोक वाकवलं आणि अंबाडीच्या दोराला आवळून बांधलं. आरसा माझ्या हातात दिला. "आक्का, ऊन हलू देऊ नका."

मी दोन्ही हातांनी आरसा धरला. मनात म्हणले, प्रभू, आज माझा हात धर, तिचा तिला धरता येतो.

पहिल्यांदा आकडा नुसता घासून वर आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धरला आणि हातभर उचलल्यावर सुटला; गर्दी हळहळली. चौथ्यांदा तिनं दोर बोटांत घोळवून घोळवून सोडला, डोळे मिटले, आणि पाईपाच्या जोडाखाली आकडा अडकल्याचं तिला हातालाच कळलं. "ओढा," ती म्हणली. दोनशे पंपवाला सगळ्यात आधी धावला, एवढं मात्र त्याचं सांगायला पाहिजे. "सावकाश. झटका न्हाई. क्लँप लावा, मग हात काढा." पाईप वर आले. तिनं झिजलेला वॉशर बदलला, सगळं पुन्हा जोडून आत सोडलं आणि दांडा मारायला मलाच सांगितलं. अकराव्या हाताला पाणी आलं.

टाळ्या पडल्या. लोक पुढं घुसले. साहेब मांडवातून उठून आले. त्यांना काय झालं ते दिसलं होतं, तरी त्यांनी कारकुनाला वही उघडायला लावली आणि विचारलं, "पाईप कुणी काढला?"

चांगुणानं माझ्याकडं बघितलं नाही, वरही बघितलं नाही. साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणली, "मी काढला."

त्याच संध्याकाळी साहेबांनी वरच्या साहेबांची सही आणून यादी बदलली. पहिलं नाव, चांगुणा ज्ञानोबा सूर्यवंशी. शनिवारी साहेबरावांनी तिला ग्रामपंचायतीत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि हार घातला. ती बसली. संकोच न करता, पाठ टेकून बसली. ज्या म्हाताऱ्या दांड्यावर पाणी शिंपडायच्या त्यांतली एक तिथं होती. तिनं चांगुणाचे दोन्ही हात धरले, काळ्या नखांचे, ग्रीस मुरलेले, आणि आपल्या कपाळाला लावले. म्हणली, "मिस्त्रीणबाई, आमच्या शेताकडल्या पंपाचं बी बघा." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

रविवारी चर्च भरगच्च. साक्षीची वेळ आली, पाळकसाहेबांनी नेहमीसारखं चांगुणाकडं बघितलं. ती उभी राहिली. वस्तीतली जुनी माणसं माना डोलवायच्या तयारीत होती; ती काय बोलणार हे त्यांना पाठ होतं.

"प्रभूचे आभार," ती म्हणली. "त्यानं मला हात दिले, डोळे दिले, शरणप्पा मिस्त्री दिले, आन् खडसावायला आक्का दिली. लई दिलं. पण पाईप मी काढला. हे म्हणायला मला धा वर्षं लागली. तुमच्या पोरींना एवढी लागू देऊ नका."

एवढ्या वर्षांत त्या पत्र्याखाली उभं राहून कुणी असं बोललं नव्हतं. लोक पाळकसाहेबांच्या तोंडाकडं बघायला लागले. म्हातारबुवा काठी टेकत उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणले, "आमेन." मग सगळी वस्ती म्हणली. सगळ्यात मोठ्यानं मी म्हणले, आणि दोनदा म्हणले.